दाढ ठणकायच्या आधीचं काम

मी दंतवैद्य नाही, हे आधीच सांगून टाकते. पिशोरात निम्मी माणसं मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात आणि उरलेली ‘दातं घासणारी ताई’. मी डेंटल हायजिनिस्ट. बारावी विज्ञान, मग दोन वर्षांचा डिप्लोमा, मग राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी. दातांवरचं कीटण काढणं, दात घासून चकचकीत करणं आणि तोंड कसं राखायचं ते शिकवणं, एवढं काम १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने आम्हाला नेमून दिलंय. दाढ काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल ही कामं दंतवैद्याची. मी इथल्या एका खासगी दवाखान्यात दंतवैद्य सरांच्या हाताखाली काम करते आणि शाळेचं किंवा एखाद्या गावचं शिबिर असलं की पिशवी उचलून निघते. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे. क्रमांक सोयीसाठी टाकलेत.

१. दुखणं घेऊन आलेला माणूस माझ्यापर्यंत पोचतच नाही

पिशोर हे कन्नड तालुक्यातलं बाजाराचं गाव. आसपासच्या खेड्यांतली, तांड्यांवरची माणसं खत-बियाण्याला, बँकेला, बाजाराला इथं येतात आणि दाढ ठणकत असली तर त्याच फेरीत आमच्या पायऱ्या चढतात. तोवर घरचे सगळे उपाय होऊन गेलेले असतात. लवंग दाबून झालेली असते. पोकळीत तंबाखूची चिमूट भरून झालेली असते. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन किडा पाडूनही झालेला असतो. दातात किडा नसतोच, मग वाटीत पडलं ते काय, असं मी विचारत नाही; म्हातारी माणसं दुखावतात. सगळ्यात वाईट रुईचा चीक. तो दाढेत जातो थोडा आणि हिरडीवर पसरतो जास्त. हिरडी पांढरी पडून सोलवटते, दाढ ठणकायची ती ठणकतेच.

अशा माणसाला सर बघतात. दाढ काढायची की वाचवायची एवढंच ठरायचं असतं, आणि रूट कॅनलचा आकडा ऐकला की बहुतेकांचं ते जागच्या जागी ठरतं. खरं तर पहिल्या पांढऱ्या डागापासून दाताच्या नसेपर्यंत पोचायला किडीला कित्येक महिने, पुष्कळदा वर्षं लागतात. त्या सगळ्या काळात दुखत नाही. आमचा उपयोग नेमका तेव्हाच, आणि नेमका तेव्हाच कुणाला दवाखाना आठवत नाही. कापूस वेचणीला आला असताना किंवा अद्रक काढणीला आलं असताना तर मुळीच नाही. म्हणून खुर्चीपाशी बसून वाट बघणारी हायजिनिस्ट खेड्यात काही कामाची नाही. तिनं शाळेत, उपकेंद्रावर, बचत गटाच्या बैठकीला जायला हवं.

२. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ याला उत्तर म्हणजे आरसा

हा समज मला रोज भेटतो. तो उगाच आलेला नाही. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू घ्या. जिभेखालून येणारी लाळ तिथं साठते, तिच्यातले क्षार दातावरच्या मळीवर बसत जातात आणि थराचा दगड होतो. बोअरच्या पाण्याने न्हाणीतल्या बादलीला चढतो तसा. वर्षानुवर्षं ब्रश तिथं पोचलेला नसतो. त्या थराखाली हिरडी सुजते, हळूहळू खाली सरकते, आणि दाताला धरून ठेवणारं हाडही झिजतं. दात आतून मोकळा झालेला असतो. त्याला धरून असतं ते शेजारच्या दातापर्यंत पसरलेलं कीटण.

आता मी कीटण काढायचं हत्यार, म्हणजे स्केलर, लावते. पिवळट-काळे तुकडे निघतात, थोडं रक्त येतं. माणूस चूळ भरतो, दातांमागून जीभ फिरवतो आणि दचकतो. ‘ताई, दातामधी फट पडली की! हे पहिलं नव्हतं.’ त्याचं खरंच आहे, पहिलं नव्हतं. फट कीटणाने बुजलेली होती. हे त्याला नंतर कितीही समजावलं तरी तो बाजारात जाऊन सांगतो, दातं साफ करू नका, ढिले पडतात. म्हणून हत्यार लावायच्या आधी मी छोटा आरसा हातात देते, दुसरा आरसा तोंडात धरते आणि आतली बाजू त्याची त्याला दाखवते. पुष्कळांनी दातांची ती बाजू जन्मात पाहिलेली नसते. कुठला दात आत्ताच हलतोय तेही बोटाने हलवून दाखवते. थंड पाणी दोन-चार दिवस लागेल, हेही तेव्हाच सांगायचं. आधी सांगितलं तर माणूस सोसतो. नंतर सांगितलं तर गावभर सांगतो.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो देणं सरांना परवडत नाही. बाहेर तीन माणसं गाल धरून बसलेली असताना कीटण कसं चढतं ते समजावत बसणारा दंतवैद्य मी पाहिलेला नाही, आणि त्याने तसं बसावं असंही मला वाटत नाही. त्यासाठीच मी आहे.

३. लग्न ठरवायला निघालेल्या पोराच्या तोंडात तीन बोटं घालून बघा

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी आहे हे ज्याला पाहायचं त्याने आमच्या खुर्चीत बसणाऱ्या पोरांचे दात पाहावेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांमागे चोवीसहून अधिक जण धूर न काढता तंबाखू खाणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे निघाले. विडी-सिगारेटवाले त्यामानाने फारच थोडे. म्हणजे महाराष्ट्रात तंबाखूचा मुक्काम तोंडातच असतो, आणि ते तोंड आमच्यासमोर उघडतं.

तरणी पोरं माझ्याकडे येतात ती मुलगी बघायला जायच्या आधी. डाग घालवून द्या म्हणतात. असाच एक पिकअप चालवणारा पोरगा आला. घाईत होता. मी म्हटलं, भाऊ, आधी तोंड पूर्ण उघड आणि तुझीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाल. निरोगी माणसाची जातात. त्याची दोनच गेली, तीही ओढून-ताणून. गालाची आतली कातडी पांढुरकी पडलेली, बोट फिरवलं की आत दोरीसारखे पट्टे लागत होते. तिखट खाल्लं की आग होते का, विचारलं. म्हणाला, वर्षभरापासून घरी भाजी वेगळी करतात. त्याच्या समजुतीने ते पित्त होतं.

याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि याचं मूळ कारण सुपारी. हे पुष्कळ शिकलेल्यांनाही माहीत नसतं. ‘तंबाखू केव्हाच सोडली, आता नुसती सुपारी खातो’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात तेव्हा काय बोलावं सुचत नाही. आखडलेलं तोंड पुन्हा पहिल्यासारखं होणं अवघड, आणि पुढं काहींमध्ये तिथंच कर्करोग धरतो. पोराला मी सरांपुढं बसवलं, सरांनी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. तो गेला, काही महिने औषध-इंजेक्शनं घेतली, मग फेऱ्या थांबल्या. पिशोरपासून शहर साठ-पासष्ट किलोमीटर. भाडं सुटतं, दिवस सुटत नाही. लग्न झालं. पुडी खिशात आहे की नाही, ते विचारायची सोय त्याने ठेवलेली नाही. मला बघितलं की रस्ता बदलतो.

तरी हे काम सोडण्यासारखं नाही. तोंडातला डाग किंवा जखम शोधायला यंत्र लागत नाही. बॅटरी लागते, आरसा लागतो आणि समोरच्याच्या तोंडात पाच मिनिटं बघायची तयारी लागते. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, एवढं ओळखून पुढं पाठवलं तरी पुष्कळ. शहरातलं आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे, पण तिथं पोचणाऱ्यांतले बरेच जण उशिरा पोचतात. बायांचंही बघायला हवं. तंबाखूची मिसरी लावणारी आजी ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी खरेपणाने सांगते. तिच्या लेखी ती दात घासते.

४. सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नसते

शाळेच्या शिबिरात मी आयांना सांगून सांगून थकते ती हीच गोष्ट. दुधाच्या दाढांच्या मागं, काहीही न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. पडलं काहीच नाही म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. कीड दिसली तरी ‘पडायचीच आहे, नवी येईल’ म्हणून सोडून देतात. ती जन्मभराची दाढ असते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली होती, तेव्हा १२ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या दातांना कीड निघाली होती. त्या दाढेच्या खाचा वेळीच सीलंटने बुजवल्या तर पुष्कळशी कीड टळते. दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही, रक्त येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, त्यांच्या यादीत दातांची कीड आहे. डॉक्टर बघतात, नोंद करतात, चिठ्ठी देतात. चिठ्ठी दप्तरात जाते. ज्या दिवशी पाहिलं त्याच दिवशी, त्याच वर्गाच्या व्हरांड्यात हात चालवणारं कुणी त्या गाडीत असतं तर चिठ्ठी लागलीच नसती.

५. ज्याचं बिऱ्हाड दिवाळीनंतर हलतं त्याला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणू नये

आमच्याकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात. लेकरं बरोबर जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. आज थोडं कोरू, पुढच्या आठवड्यात औषध बदलू, मग टोपी बसवू, हे गणित त्यांच्यासाठी नाही. जे करायचं ते एका बैठकीत.

तसे उपाय आहेत. हातातल्या साध्या हत्याराने कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची पद्धत टांझानियात ऐंशीच्या दशकातल्या प्रयोगांतून पुढं आली. ड्रिल लागत नाही, वीज लागत नाही. दुसरा उपाय सिल्व्हर डायमिन फ्लोराइडचा थेंब. किडलेल्या जागी ब्रशने लावायचा, बऱ्याच लेकरांत कीड तिथंच थांबते. जागा मात्र काळी पडते. पुढच्या दातावर लावला की आई म्हणते, ‘माय, हे तर अजून काळं केलं!’ म्हणून तेही आधी सांगायचं, आणि जमलं तर मागच्या दाढांपुरतं ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध आणि ते सिमेंट दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आमच्याकडे ही कामं सर करतात. मी लेकराचं डोकं धरते, कापूस पुरवते आणि बघत राहते.

६. माझ्यासारखीला जगात दाढ भरू देतात

न्यूझीलंडने १९२१ साली हे सुरू केलं. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात इतके वाईट निघाले की सरकार हादरलं. तिथल्या लष्करी दंतसेवेचे प्रमुख थॉमस हंटर यांनी मुलींना दोन वर्षं शिकवून शाळांमध्ये दंत परिचारिका म्हणून बसवलं. लेकरांच्या दाढा भरायच्या, दुधाचे दात काढायचे, मोठं काही असलं तर दंतवैद्याकडे पाठवायचं. मलायाने, म्हणजे आजच्या मलेशियाने, १९४९ मध्ये पेनांगला तसंच शिक्षण सुरू केलं. ब्रिटनमध्ये त्यांना डेंटल थेरपिस्ट म्हणतात. २०१३ पासून तिथं रुग्ण दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय थेट थेरपिस्टकडे किंवा हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. अलास्कातल्या बर्फातल्या गावांना दंतवैद्य मिळेनात, तेव्हा तिथल्या तरुण-तरुणींना न्यूझीलंडला पाठवून शिकवून आणलं. अमेरिकेतली दंतवैद्यांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली. काम थांबलं नाही.

सगळं गोड होतं असंही नाही. न्यूझीलंडच्या पोरांनी शाळेतल्या त्या खोलीला ‘मर्डर हाउस’ असं नाव ठेवलं होतं, आणि गरज नसलेल्या दाढाही तिथं भरल्या जात, अशी टीका पुढं झाली. हातात हत्यार दिलं की वरून कुणाची तरी देखरेख हवी, एवढं त्यातून घ्यावं.

आपल्याकडे थेरपिस्ट हा प्रकारच आला नाही. सरांशी यावर वाद होतो. त्यांचं म्हणणं, देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत, बीडीएस झालेली पोरं शहरात दहा-पंधरा हजारांवर राबतात. त्यांना आधी आरोग्य केंद्रात नेमा, मग तुमच्या थेरपिस्टचं बघू. म्हणणं खोटं नाही. पण नेमणूक झाली तरी तो बीडीएस काय करणार? दाढा काढणार, कारण रांग त्यासाठीच लागणार. पाच वर्षं शिकलेल्या माणसाला शाळेच्या व्हरांड्यात सीलंट लावत बसवणं त्यालाही रुचत नाही आणि सरकारलाही महाग पडतं. माझं मत असं: दंतवैद्य ग्रामीण रुग्णालयात, हायजिनिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि दोघांमध्ये फोन चालू. दोघांची भाकरी एकमेकांच्या ताटातून जात नाही.

७. आशाताईच्या फॉर्मवर प्रश्न आहे, पुढं बघणारं कुणी नाही

आशाताई घरोघर जो जोखमीचा फॉर्म भरते त्यात तंबाखूचा प्रश्न असतो, तोंडात न भरणारी जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, हेही असतं. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, आणि तिथं द्यायच्या बारा सेवांमध्ये तोंडाचं आरोग्य आहे. कागद चांगला आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला मात्र बीपी, शुगर, गरोदर बाया, लसीकरण आणि मोबाइलमधल्या नोंदी या सगळ्यातून तोंडात बॅटरी मारायला कितीसा वेळ उरणार? स्वच्छ मुख अभियानासाठी राज्याने २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरला स्माइल अ‍ॅम्बेसेडर केलं. सचिनबद्दल माझी तक्रार नाही. पण पोस्टर बघून कुणी तोंड उघडत नाही.

कमी शिकलेल्या बाईच्या हाती असं काम देता येतं का, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी कुणी विचारू नये. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी सत्तरच्या दशकापासून गावातल्या बायांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शिकवलेल्या आरोग्यदूत नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर घरी जाऊन इंजेक्शन देत होत्या. तान्ह्या बाळाला जे चाललं ते दाढेला चालायला हरकत नसावी.

८. हातातली हत्यारं धारदार ठेवा

लाइट जाते. अल्ट्रासोनिक स्केलर तोंडात असतानाच जाते. ज्याला हाताने कीटण काढता येत नाही त्याने पिशोरात हे काम घेऊ नये. हत्यारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह मात्र लाइट आल्याशिवाय लागत नाही, म्हणून त्यांचे दोन संच हवेतच. शिबिरात तर जास्तच हवेत. ‘गरम पाण्यात बुचकळून घ्या’ म्हणणारा आयोजक भेटला तर पिशवी बंद करावी.

९. शुगरवाल्याच्या हिरड्या बघा, हिरड्या सुजलेल्याची शुगर बघा

दोन्ही एकमेकांना बिघडवतात. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांत पू असला की शुगर आटोक्यात येत नाही. घास चावताना दात हलतोय म्हणून आलेल्या माणसाला मी शुगर तपासायला पाठवते. काहींना त्या दिवशीच पहिल्यांदा कळतं.

१०. हायजिनिस्टलाही पोट आहे

माझ्याबरोबर शिकलेल्यांतल्या बऱ्याच जणी आज हे काम करत नाहीत. शहरातल्या एका दवाखान्यात मी सुरुवातीला होते, तिथं मला फोन घ्यायला आणि बिलं फाडायला बसवलं. कीटण काढायला नवे बीडीएस होते आणि तेही जवळजवळ तेवढ्याच पगारात मिळत होते. सरकारी जाहिरातीत ‘दंत आरोग्यक’ हे पद दिसतं, पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या मोठ्या रुग्णालयांसाठी. प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिथं आमचा खरा उपयोग, तिथं आमची खुर्ची नाही. ज्या कायद्याने आम्हाला जन्म दिला त्याची जागा घ्यायला २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने केला. दंत सहायकांचा उल्लेख त्यातही आहे. उल्लेखाने पगार होत नाही.

आरोग्य खात्याकडे आणि जिल्हा परिषदेकडे मागणं मोठं नाही. कन्नडसारख्या तालुक्यात निदान दोन-तीन आरोग्य केंद्रांत एक-एक हायजिनिस्ट नेमून बघा. आठवड्यातले तीन दिवस शाळा आणि उपकेंद्रं, उरलेले दिवस केंद्रात, वर देखरेखीला ग्रामीण रुग्णालयातला दंतवैद्य. वर्षाने किती जखमा वेळेत सापडल्या आणि किती दाढा वाचल्या ते मोजा, आणि मग ठेवायचं की बंद करायचं ते ठरवा.

वाचणाऱ्यांनी तोवर एवढं करावं: घरात सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर आज रात्री बॅटरी लावून त्याची सगळ्यात मागची दाढ बघा, आणि पुडी खाणारं कुणी असेल तर त्याला तीन बोटं तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवा, दुखायची वाट बघू नका.